पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या कॉलेजातली सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढं असतात. माणसं वेळेवर यावीत म्हणून एका जुन्या प्राचार्यांनी ती पुढं करून घेतली आणि आठवड्याभरात सगळ्यांनी मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करायला सुरुवात केली. तेव्हापासून सगळे पूर्वीइतकेच उशिरा येतात, फक्त त्यासाठी आता वजाबाकी करावी लागते. ते प्राचार्य निवृत्त झाले, घड्याळं राहिली. एखाद्या नव्या माणसानं स्टाफरूममधलं घड्याळ बरोबर लावलं की त्याच्याकडं त्यानं काहीतरी चोरल्यासारखं बघतात.

मी इथं नऊ वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तुम्ही प्राध्यापक, नाही घेतला तर वाटसरू. दर वर्षी नवं पत्र यायचं आणि ते येईपर्यंत शिपाईसुद्धा मला विचारायचा, "मॅडम, यंदा आहात का तुम्ही?" स्टाफरूममध्ये मला कप्पा नव्हता, खिडकीजवळची एक खुर्ची होती, आणि पाहुणे आले की तीही जायची. मला पूर्णवेळ जागा हवी होती. हे मी लपवत नाही, कारण पुढं जे घडलं ते या हव्यासाशिवाय समजणार नाही.

कॉलेजच्या गच्चीवर एक डोम आहे आणि त्यात चौदा इंची दुर्बीण. तिचं उद्घाटन भर दुपारी बारा वाजता झालं. पाहुण्यांनी डोळा लावून "वा, वा, अद्भुत!" म्हटलं तेव्हा दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण तसंच होतं. मी काढायला पुढं झाले तर विभागप्रमुखांनी माझा हात धरला. विभागप्रमुख, म्हणजे आमचे सर, यांनी त्यानंतर दोन वर्षं डोमची पायरी चढली नाही. गुडघे दुखतात म्हणाले. सत्काराच्या स्टेजची पायरी मात्र ते आजही हात न टेकता चढतात.

डोमची किल्ली शेवटी माझ्याकडं आली, कारण ती सांभाळायचं दुसऱ्या कुणाच्या कामात बसत नव्हतं. मग मी एका गटात नाव नोंदवलं. जगभरातले लहान दुर्बिणीवाले त्यात आहेत: कुणी मास्तर, कुणी दंतवैद्य, कुणी निवृत्त माणूस. काम असं. फार लांब कुठंतरी दोन मेलेले, विलक्षण जड तारे एकमेकांवर आदळतात आणि त्या धक्क्यानं अवकाशच थरथरतं. त्या थरथरीला गुरुत्वीय लहरी म्हणतात. परदेशातली प्रचंड यंत्रं ती टिपतात, पण ती नेमकी कुठून आली हे त्यांना नीट कळत नाही. आभाळाचा एक मोठा पट्टा ती दाखवतात आणि म्हणतात, यात कुठंतरी. मग त्या पट्ट्यातल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची बेटं, वाटून घ्यायच्या, प्रत्येकीचा फोटो काढायचा आणि जुन्या फोटोशी ताडून बघायचं की एखादा ठिपका नवा उगवलाय का. त्या टकरीचा उजेड काही दिवसांत विझतो, त्यामुळं घाई असते. आजवर असा उजेड खात्रीनं सापडला तो एकदाच, आणि तेव्हा आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

स्टाफरूममध्ये मी हे समजावून सांगितलं तेव्हा मराठीच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "आणि नाही सापडलं तर?" म्हटलं, तर त्या दीर्घिकेत नाही एवढं कळतं. ते म्हणाले, "म्हणजे 'नाही' शोधायचं काम." आणि समाधानानं पेपर तपासायला लागले, म्हणजे गुणांची बेरीज करायला लागले.

हे काम पहिल्या झटक्यात कुणाला कळलं असेल तर माझ्या वडिलांना. अण्णा जेल खात्यात शिपाई होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी सकाळ-संध्याकाळ गिनती केली. बंद्यांना रांगेत बसवायचं, मोजायचं आणि कालच्या आकड्याशी जुळवायचं. मी लॅपटॉपवर जुना आणि नवा फोटो आलटून पालटून दाखवला तेव्हा ते चष्मा सावरून म्हणाले, "ही तर गिनतीच हाय की. कालचे किती, आजचे किती."

"तसंच, अण्णा."

"मग एक ध्यानात ठेव. एक कमी भरला तर समदे बोंबलतेत. पण एक जास्त भरला तर लई सांभाळून. जास्तीचा माणूस आभाळातून पडत नसतो. तो दुसऱ्या बराकीतून आल्याला असतो."

मग त्यांनी आपली ठेवणीतली हकिगत सांगितली, जी मी शंभरदा ऐकली होती. एका जिल्ह्याच्या गावी नोकरीला असताना एका दुपारी गिनतीत एक माणूस जास्त आला. वरचे म्हणाले, चुकून मोजलं असेल, जाऊ दे. अण्णांनी जाऊ दिलं नाही. सगळ्यांना पुन्हा बसवलं, उन्हात, शिव्या खात, आणि पुन्हा मोजलं. तर रंगकाम करायला आलेला एक माणूस सावली बघून रांगेत येऊन बसला होता, आणि डोकी मोजली जात आहेत हे त्याला कळलंच नव्हतं. "दुसऱ्यांदा मोजल्याबिगर आकडा सांगायचा नाय," अण्णा म्हणायचे. हर्सूलच्या घरात भिंतीवर देवाच्या तसबिरी कमी आणि हे वाक्य जास्त ऐकत मी वाढले.

जानेवारीत गॅदरिंगच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, फोनवर निरोप आला. टक्कर झाली होती, जवळच्यातली होती, आणि आभाळाचा पट्टा आमच्याकडं संध्याकाळी मावळतीच्या बाजूला दिसणार होता. आमच्या वाट्याला नऊ दीर्घिका आल्या. मैदानात मंडप घालायचं काम चाललं होतं आणि सर तोरणाच्या रंगावरून कुणाला तरी झापत होते. मी डोममध्ये जायची परवानगी मागितली. "जा, जा, पण उद्याच्या सूत्रसंचालनाचं बघितलंत का?" ते म्हणाले. थरथरत्या अवकाशाबद्दल त्यांना एवढंच विचारायचं होतं.

सातनंतर पुरेसा अंधार झाला. सहाव्या दीर्घिकेच्या कडेला ठिपका होता. महिन्यापूर्वीच्या आमच्याच फोटोत तो नव्हता. मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. 

असा जास्तीचा ठिपका दिसला की आधी लघुग्रहांची यादी बघायची. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे धोंडे. ते आज या ताऱ्यापाशी दिसतात, उद्या त्या. अण्णांच्या भाषेत दुसऱ्या बराकीतून आलेले. फोटो कितव्या मिनिटाला काढला ते कॉम्प्युटर यादीला कळवतो आणि यादी सांगते की त्या क्षणी त्या जागी कुठला धोंडा होता का. यादी म्हणाली, कुणी नाही.

आता उरलं एकच. अर्धा-पाऊण तास थांबून तोच फोटो पुन्हा काढायचा. ठिपका सरकला तर धोंडा, जागेवर राहिला तर पुढं बोलू. म्हणजे दुसऱ्यांदा मोजायचं.

इथं माझा पाय घसरला. आनंद एकटीला पेलवेना म्हणून मी सरांना फोन केला. दोन वर्षं दुखणारे गुडघे घेऊन ते पाच मिनिटांत गच्चीवर हजर झाले.

"कळवलं का? कळवून टाका ना!"

"सर, आणखी एक फोटो घेते."

"आणि तोवर दुसऱ्या कुणी कळवलं तर? आपलं कॉलेज मागं राहणार. मॅडम, अशा गोष्टींकडं संस्थेचं लक्ष असतं. तुमच्या जागेचा विषय यंदा निघणार आहे."

सगळा दोष त्यांच्यावर ढकलता आला असता तर बरं झालं असतं. पण बटण मी दाबलं. आमच्या निरीक्षणाची नोंद जगभर गेली, खाली माझं नाव आणि कॉलेजचं.

मग प्राचार्य आले, संस्थेचे दोन पदाधिकारी आले, त्यांच्यामागं नारळ आला. नारळ कुठून आला ते मला आजही कळलेलं नाही. आमच्या कॉलेजात खडू मागितला तर अर्ज करावा लागतो, नारळ मात्र मागण्याआधी येतो. डोमचे सगळे दिवे लावले गेले. दुर्बिणीला हळदकुंकू लागलं. एक पदाधिकारी म्हणाले, "दाखवा ना तो तारा," आणि मी पडद्यावरचा ठिपका दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "एवढाच?" मग ग्रुप फोटो झाले. एक सगळ्यांचा, एक प्राचार्यांना मधे घेऊन, एक मला कडेला सरकवून. दिवे बंद होईपर्यंत ती दीर्घिका पश्चिमेच्या टाकीमागं गेली होती. पुन्हा मोजणं त्या दिवसापुरतं संपलं.

सकाळी पेपरात बातमी होती. सरांच्या ओळखीच्या वार्ताहरानं ताऱ्यांची टक्कर आमच्या कॉलेजनं घडवून आणल्यासारखी ती लिहिली होती. गॅदरिंगच्या कार्यक्रमात माझा सत्कार घुसवला गेला होता, अकरा वाजता, संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते. पुंडलिकनगरातल्या माझ्या खोलीवर मी चहा घेत स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली अंगठ्यांची रांग बघत होते. वर जाता जाता सरांनी पाठवलेला फोटो दिसला. मी कडेला, चेहऱ्यावर तेलकट हसू, पाठीमागं कॉम्प्युटरचा पडदा. फोटो ग्रुपवर आला होता काल रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी. फोटोतल्या पडद्याच्या कोपऱ्यात वाजले होते आठ अठरा.

मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. आधी पाठवलेल्या फोटोत नंतरची वेळ असू शकत नाही.

कॉलेजचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो झोपेतून म्हणाला, "हां मॅडम, ते डोमचं मशीन ना? ऑफिसवाले बोलले, इसका टाइम बार बार पीछे जाता है, सगळ्यांबरोबर ठेव. मग मी इंटरनेटवरून वेळ घ्यायचं बंद केलं आणि पंधरा मिनिटं पुढं लावून दिलं. क्यूँ, फिर पीछे गया क्या?"

म्हणजे तो बिचारा कॉम्प्युटर दर वेळी खरी वेळ सांगत होता आणि आम्ही तो बिघडलाय म्हणून दुरुस्त केला होता. आणि शहाणी मी, स्टाफरूमच्या घड्याळाकडं बघून नऊ वर्षं वजाबाकी करणारी, डोममधल्या घड्याळाकडं बघून एकदाही मला ती करायची आठवण झाली नाही. मी खरी वेळ घालून यादीला पुन्हा विचारलं. उत्तर लगेच आलं. ठिपक्याच्या बरोबर जागी एक लघुग्रह होता. नुसता होता असं नाही, त्याला कधीच नंबरसुद्धा मिळालेला होता.

तेवढ्यात दुसरा निरोप दिसला. कॅनडाच्या पश्चिम टोकाला राहणारे एक निवृत्त पोस्टमन आमच्या गटात आहेत. अंगणात त्यांची दुर्बीण आहे. त्यांनी लिहिलं होतं की इकडं अंधार पडलाय, थोडे ढग आहेत, दोन-तीन तासांत ते हटले की माझ्या वाट्याच्या दीर्घिका बाजूला ठेवून आधी तुमचा ठिपका बघतो. आमचे आठ वाजले होते. त्यांचं निरीक्षण आमच्या अकराच्या आसपास चालणार होतं. नोंद मागं घ्यायला दोन ओळी पुरे होत्या.

मी सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही. आता नोंद मागं घेते."

"थांबा, थांबा. ती नोंद सगळ्यांना दिसते ना? आज पाहुण्यांत दुसऱ्या कॉलेजचे ते प्राध्यापक आहेत, ते तुमच्या त्या गटात आहेत. स्टेजवर बसून फोन बघतील. अध्यक्षांच्या हातात शाल असेल त्या वेळी! मॅडम, कार्यक्रम होऊन जाऊ द्या. नंतर काय मागं घ्यायचं ते घ्या. धोंडा कुठं पळून जातोय?"

"तिकडं एक माणूस थंडीत उभा राहणार आहे, सर."

"त्यांना सवय असते थंडीची."

या माणसाबद्दल मला किती तिरस्कार वाटला ते मी अनेकांना सांगितलं आहे, आणि त्या वाक्याची नक्कल मी चांगली करते. ऐकणारे हसतात. मी पुढं काय केलं ते मात्र सांगायची वेळ येण्याआधीच चहा येतो. मी काठपदराची साडी नेसले आणि रिक्षानं कॉलेजला गेले.

मंडपात पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. त्यांना सरांनीच फोन करून बोलावलं होतं, हे मला तिथं कळलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाय जुळवलेले, हात मांडीवर. अध्यक्षांचं स्वागत, दीपप्रज्वलन, स्वागतगीत. प्रास्ताविकात सरांनी विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि वीस मिनिटांनी ते स्वतःच्या पीएचडीपर्यंत पोचले. अध्यक्ष म्हणाले की आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतंच, तरीही मॅडमचं कौतुक. दुसऱ्या कॉलेजचे ते प्राध्यापक डुलक्या काढत होते. त्यांनी कार्यक्रमभर फोन खिशातून काढलासुद्धा नाही.

माझा फोन माझ्या मांडीवर होता. माफीच्या दोन ओळी मी स्टेजवर बसल्या बसल्या लिहिल्या. अकरा दहा झाले. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता आणि समोर अण्णा. पाठवलं असतं तरी मंडपात कुणाला कळलं नसतं. पण कळलं तर? शाल, जागा, खिडकीजवळची खुर्ची. नाव पुकारलं गेलं, मी फोन उलटा ठेवला आणि उठले. शाल अंगावर पडली, श्रीफळ हातात आलं. अण्णा टाळ्या वाजवत होते, मोजून वाजवल्यासारख्या, एकसारख्या.

बाराला खाली उतरले तेव्हा फोनवर पोस्टमनचं पत्र येऊन पडलं होतं. तुमचा ठिपका दिसला नाही, त्यांनी लिहिलं होतं. ढग हटायची वाट बघत दोन तास बाहेर उभा होतो. मग हिशेब करून पाहिला. तुमचं घड्याळ साधारण पंधरा मिनिटं पुढं असेल तर तो एक ओळखीचा लघुग्रह आहे, आणि आता तो थोडा पुढं सरकलेला मला दिसतोय. तुमची नजर चांगली आहे. माझ्या दीर्घिका मात्र तोवर झाडांमागं गेल्या, त्या उद्या बघेन. असं सगळ्यांचंच एकदा होतं, मनाला लावून घेऊ नका. एक शब्द वाकडा नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला त्यांचाही तिरस्कार करता आला असता.

मी नोंद मागं घेतली, बारा वाजून चार मिनिटांनी. कॉलेजात कुणी ती वाचली नाही. पेपरात त्याची ओळसुद्धा आली नाही. उन्हाळ्यात माझी मुलाखत झाली आणि मला पूर्णवेळ जागा मिळाली. स्टाफरूममध्ये मला कप्पा आहे. डोममधलं घड्याळ मी बरोबर लावून घेतलं आणि त्यासाठी तीन अर्ज केले. बाकी कॉलेज अजून पंधरा मिनिटं पुढं आहे आणि मी रोज वजाबाकी करते.

त्या दुपारी मी अण्णांबरोबर हर्सूलच्या घरी गेले. त्यांनी श्रीफळ देवापुढं ठेवलं, शाल घडी करून पेटीत टाकली, बातमीचं कात्रण चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. मग जेवायला बसल्यावर, भाकरीचा तुकडा मोडत, काहीच विशेष नसल्यासारखं विचारलं.

"दुसऱ्यांदा मोजलं व्हतंस नं?"

"व्हय, अण्णा," मी म्हणाले.

ते मान हलवून जेवायला लागले. संध्याकाळी घराजवळच्या तलावावर त्यांची म्हाताऱ्यांची बैठक असते. मी कधी बरोबर गेले की ते नव्या माणसाला माझी ओळख करून देतात. तारा, टक्कर, पेपर, अध्यक्ष यातलं ते काहीच सांगत नाहीत.

"ही माझी लेक," ते म्हणतात. "दोनदा मोजल्याबिगर आकडा सांगत नाय."